अर्ज एकोणीस, पैसे आठ जणींना

रोवणीचे दिवस आहेत, त्यामुळे आज कितीजणी निवांत बसून ऐकत असतील कोणास ठाऊक. बांधावर मोबाइल लावून ऐकत असाल तरी चालेल. आज आम्ही आमच्या ग्रामसंघाची एक चूक सांगायला आलो आहोत. ती कशी झाली, ती निस्तरताना आम्ही काय शिकलो आणि अजून काय जमलेलं नाही, तेही सांगू.

आमचं गाव नागपूर जिल्ह्यात, मौदा तालुक्यात. धानाचा पट्टा. गावात बाराच्या वर बचत गट आणि त्यांचा मिळून एक ग्रामसंघ. उमेद अभियानात जे समुदाय गुंतवणूक निधी म्हणतात, तो तुम्हाला माहीतच आहे. ग्रामसंघाकडून पैसा गटाला कर्ज म्हणून जातो, गटातून बाईला जातो, ती परत करते आणि तोच पैसा पुढच्या बाईच्या हाती पडतो. म्हणजे तो दानाचा पैसा नाही, फिरणारा पैसा आहे. आणि फिरणारा असल्यामुळे एका वेळी सगळ्यांना पुरत नाही. कोणाला आधी, कोणाला मग, हे आपल्यालाच ठरवावं लागतं. तहसीलदार येऊन ठरवत नाहीत. गावातल्याच बायकांनी गावातल्याच बायकांना हो किंवा नाही म्हणायचं, हे काम बोलायला सोपं आहे.

तीन वर्षांपूर्वी आमच्याकडे असे एकोणीस अर्ज आले. बकऱ्या, शिलाई मशीन, शेवयांचं यंत्र, भाजीचा ठेला, एकीचं किराणा दुकान. पैसे होते आठ जणींपुरते. आम्ही पाच जणींची छाननी समिती केली. काम लवकर उरकावं म्हणून अर्ज वाटून घेतले. चौघींकडे चार-चार, पाचवीकडे तीन. प्रत्येकीने आपल्या वाट्याचे अर्ज वाचायचे आणि दहापैकी गुण द्यायचे, एवढंच ठरलं. गुण कशाला द्यायचे, हे कोणी विचारलं नाही आणि कोणी सांगितलं नाही. आम्हाला वाटलं, बायका अनुभवी आहेत, पाहिल्यावर कळतंच.

निकाल लागला. वरचे आठ अर्ज काढले, शेवटच्या अर्जाला सात गुण होते. यादी वाचून दाखवली, ठराव लिहिला, सह्या झाल्या.

पुढच्या बैठकीत एक मावशी उभ्या राहिल्या. नाव सांगत नाही, त्यांनाही ते आवडणार नाही. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. शेत नाही. रोवणीला, निंदणाला, कापणीला जातात, आणि दुसऱ्याच्या बकऱ्या बटईने पाळतात. स्वतःच्या चार बकऱ्या घ्याव्यात म्हणून त्यांनी अर्ज केला होता. त्यांना सहा गुण होते. त्या म्हणाल्या, "मले पैसे नाई भेटले, त्याचं नाई म्हणत मी. पर माह्यात काय कमी होतं, एवढं सांगा."

आम्ही पाचही जणी एकमेकींच्या तोंडाकडे पाहत राहिलो. कोणालाच सांगता आलं नाही. ज्या ताईंनी ते सहा गुण दिले होते, त्या आमच्या सगळ्यांत सरळ बाई. पै-पैचा हिशोब ठेवणाऱ्या. त्या म्हणाल्या, "मी तर माह्या गठ्ठ्यात सगळ्यात जास्त गुण हिलेच देल्ले." आणि ते खरं होतं. त्यांच्या चार अर्जांत सर्वांत मोठा आकडा सहा होता. त्यांचं म्हणणं, दहापैकी दहा देवालाच द्यायचे, माणसाला सहा म्हणजे पुष्कळ. दुसऱ्या एका काकूंच्या गठ्ठ्यातले चारही अर्ज आठ-नऊ गुणांचे होते. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "कोणाचं मन काहून दुखवाचं?"

त्या दिवशी आम्हाला कळलं की काकूंच्या गठ्ठ्यातल्या चारही जणींना पैसे मिळाले होते आणि ताईंच्या गठ्ठ्यातल्या एकीलाही नाही. कोणाचा अर्ज कोणाच्या हातात पडला, यावरच सगळं ठरलं होतं. कोणी लबाडी केली नव्हती, कोणी पैसे खाल्ले नव्हते. लबाडी असती तर निदान कोणावर तरी रागावता आलं असतं.

मावशी पुढे काही बोलल्या नाहीत. नंतर त्यांनी दारावर येऊन कर्ज देणाऱ्या एका कंपनीकडून पैसे घेतले, दर आठवड्याच्या हप्त्याने. हे आम्हाला फार उशिरा कळलं. त्याबद्दल पुढे सांगते.

खरं तर गुण देणं-घेणं आपल्याला नवं नाही. आपण बचत गटाच्या बायका स्वतःच गुणांतून गेलेल्या आहोत. १९९२ साली नाबार्डने ५०० गट बँकांना जोडण्याचा प्रयोग सुरू केला, तेव्हापासून गट कर्जाला उभा राहिला की त्याची प्रतवारी होते. बँकेचे साहेब येतात आणि काय पाहतात? पंचसूत्री. नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि नियमित लेखे. पुढे त्यात आरोग्य, शिक्षण, पंचायतीतला सहभाग वगैरे येऊन दशसूत्री झाली. तुमच्यातली कोणतीही सही शिकलेली बाई ही सूत्रं झोपेतून उठवली तरी म्हणून दाखवेल. गटाची प्रतवारी कमी आली तर वाईट वाटतं, पण साहेबांनी मनाने गुण दिले असं आपण म्हणत नाही. कारण प्रश्न आधीपासून माहीत असतात आणि उत्तर आपल्याच वहीत असतं. मग आपण आपल्या बायकांना गुण देताना हे का विसरलो?

तेव्हा आम्ही ठरवलं की आधी प्रश्न लिहायचे. आणि प्रश्न असे हवेत की त्यांचं उत्तर वहीत दिसेल किंवा घरी जाऊन डोळ्यांनी दिसेल. "बाई होतकरू आहे का" हा प्रश्न नाही. होतकरू म्हणजे काय, हे प्रत्येकीच्या मनात वेगळं असतं. एकीला मोठ्याने बोलणारी होतकरू वाटते, दुसरीला डोक्यावरचा पदर न सोडणारी.

प्रश्न लिहायला बसलो आणि लक्षात आलं की हे काम अर्ज वाचण्यापेक्षा अवघड आहे. आमच्यातल्या एकीने २००२ च्या दारिद्र्यरेषेच्या सर्वेक्षणाची आठवण काढली. वयस्क बायकांना ते आठवत असेल. तेरा प्रश्न होते, प्रत्येकाला शून्य ते चार गुण, एकूण ५२. गुण जितके कमी, तितकं घर गरीब. कपडे किती, जेवण किती वेळा, घर कसं, कर्ज कोणाचं, असे प्रश्न. सगळ्या देशाला एकच कागद. म्हणजे मोजमाप सगळ्यांना सारखं होतं. पण त्यात एक प्रश्न होता, घरात सर्वांत जास्त शिकलेला माणूस किती शिकला आहे. निरक्षर असेल तर शून्य आणि पदवीधर असेल तर तीन. आता बघा, एखाद्या बाईने मजुरी करून मुलाला बी.ए. केलं आणि तो नोकरीविना घरी बसला, तर तिच्या घराला तीन गुण जास्त, म्हणजे ते घर कागदावर तेवढं सुखी. बी.ए. करून घरी बसणं म्हणजे काय, ते आम्हाला कोणी सांगायला नको.

म्हणून नुसतं सगळ्यांना सारखं विचारून भागत नाही. प्रश्नच चुकला असेल तर तो सगळ्यांना सारखा चुकतो.

पुढे २०११ च्या सामाजिक, आर्थिक आणि जात सर्वेक्षणात पद्धत बदलली. कोणाला थेट वगळायचं आणि कोणाला थेट घ्यायचं, हे आधी ठरवलं, आणि उरलेल्या घरांसाठी वंचिततेच्या सात खुणा लावल्या. हे आम्हाला पटलं. गुणांच्या आधी एक दार असावं. दाराशी फक्त हो किंवा नाही. बाई गटात एक वर्ष आहे का? तिच्या गटाने ठराव करून अर्ज पाठवला आहे का? गटाचं ग्रामसंघाकडचं जुनं कर्ज थकलेलं नाही ना? यातलं एक जरी नसेल, तर अर्ज गुणांपर्यंत जाणारच नाही, आणि तो का परत केला ते त्याच दिवशी सांगायचं. पहिल्या वर्षी आम्ही अशा अर्जांनाही दहापैकी तीन, चार असे गुण देत बसलो होतो. त्या बिचाऱ्या समजल्या की थोडक्यात हुकलं.

दारातून आत आलेल्या अर्जांसाठी पाच प्रश्न केले. प्रत्येकाला शून्य ते चार, एकूण वीस गुण.

पहिला प्रश्न गरजेचा. त्या सात खुणांमधल्याच काही आपल्या गावाला जमतील अशा करून चार घेतल्या. घर एकट्या बाईवर चालतं का, शेत नसून घर मजुरीवर चालतं का, घरात अपंग माणूस आहे का, घर एका कच्च्या खोलीचं आहे का. एका खुणेला एक गुण. इथे कोणाला कोणाची दया यायची गरज नाही, फक्त मोजायचं.

दुसरा प्रश्न बचत आणि हजेरीचा, तिसरा परतफेडीचा, चौथा धंद्याच्या तयारीचा आणि पाचवा म्हणजे याआधी तिला हा निधी मिळाला आहे का. कधीच नसेल मिळाला तर चार, घेऊन फेडला असेल तर दोन, चालू असेल तर शून्य.

तिसऱ्या प्रश्नात आम्ही लगेच अडकलो. जिने कधी कर्जच घेतलं नाही, तिला परतफेडीचे गुण किती? शून्य दिले तर न घेतल्याची शिक्षा होते, चार दिले तर ज्यांनी घाम गाळून फेडलं त्यांच्यावर अन्याय. शेवटी ठरलं की अशा बाईला बचतीचे जितके गुण पडतील तितकेच परतफेडीचे समजायचे. हे अगदी बरोबर आहे असा आमचा दावा नाही. पण कागदावर लिहिलेलं आहे आणि सगळ्यांना माहीत आहे.

चौथ्या प्रश्नाला आम्ही सर्वांत जास्त वेळ दिला. धंद्याची तयारी हा शब्द फसवा आहे. ज्या बाईचा अर्ज कॉलेजच्या मुलीने सुंदर अक्षरात लिहिलेला, ती तयार वाटते. म्हणून प्रत्येक गुणापुढे एक वाक्य लिहिलं. फक्त धंद्याचं नाव सांगितलं, तर शून्य. माल किंवा जनावर कुठून आणि किती किमतीला घेणार हे सांगितलं, तर एक. कोणाला विकणार हेही सांगितलं, तर दोन. महिन्याचा खर्च आणि हप्ता यांचा हिशोब तोंडी का होईना मांडला, तर तीन. आणि हेच काम स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या हाताखाली एक हंगाम तरी केलं असेल, तर चार. शिवाय सगळे अर्ज गटाची सीआरपी ताईच एका नमुन्यात लिहील असं ठरलं, म्हणजे अक्षराला गुण पडायला नकोत.

आता तुम्ही म्हणाल, झालं, कागद तयार. आम्हालाही तसंच वाटलं होतं. पण समितीत आता नऊजणी होत्या आणि त्यातल्या तिघींना वाचता येत नाही. त्यांना बाजूला ठेवायचं का? अजिबात नाही. बकरी कोणती जगेल आणि कोणती मरेल हे त्यांच्याइतकं आमच्या बी.ए.ला कळत नाही. मग एकीने उपाय काढला, चिंचोके. अष्टचंगा खेळताना वापरतो तेच. प्रत्येकीपुढे एक वाटी आणि एक ताटली. प्रश्न आणि त्याची वाक्यं मोठ्याने वाचायची, अर्जातली माहिती वाचायची, मग प्रत्येकीने शून्य ते चार चिंचोके वाटीत टाकून वर ताटली झाकायची. आधी बोलायचं नाही. सगळ्यांच्या वाट्या झाकल्या की मग एकदम उघडायच्या.

आधी बोलायचं नाही, हे फार महत्त्वाचं आहे बरं का. अध्यक्षबाईंनी "चांगला अर्ज आहे" असं म्हटलं की बाकीच्यांचे चिंचोके वाढतात. आम्ही हे डोळ्यांनी पाहिलं आहे.

खऱ्या अर्जांना हात लावण्याआधी एक सराव केला. शेजारच्या गावच्या ग्रामसंघाकडून त्यांचा एक जुना बकरीपालनाचा अर्ज नाव झाकून आणला. पहिल्यांदा मुद्दाम वाक्यं न वाचता, मनाने गुण द्यायला सांगितले. एकाच अर्जाला नऊजणींनी वीसपैकी सहापासून सतरापर्यंत गुण दिले! सहा देणारी म्हणाली, "बकऱ्या मरतेतच, माह्या दोन मेल्या." सतरा देणारीला त्या बाईला तीन मुली आहेत हे ऐकून वाईट वाटलं होतं. दोघीही खोटं बोलत नव्हत्या. पण एकीने स्वतःच्या बकऱ्यांना गुण दिले आणि दुसरीने मुलींना. अर्जाला कोणीच दिले नाहीत. मग वाक्यं वाचून पुन्हा चिंचोके टाकले. आता अकरा ते तेरा आले. तेव्हा कुठे आमचा जीव भांड्यात पडला.

एकाच प्रश्नाला दोघींच्या वाटीत दोन किंवा जास्त चिंचोक्यांचा फरक पडला, तर सरळ सरासरी काढायची नाही असंही ठरवलं. एकीचा एक आणि दुसरीचे चार, सरासरी अडीच, आणि पुढे चला. असं केलं तर भांडण आकड्याखाली झाकलं जातं. त्या दोघींनी आपण काय ऐकलं, काय पाहिलं ते सांगायचं आणि सगळ्यांनी एकदा पुन्हा चिंचोके टाकायचे. बहुतेक वेळा एकीला काहीतरी माहीत असतं जे दुसरीला नसतं. दुसऱ्यांदाही फरक राहिला, तर मात्र सरासरी.

नात्यांचं काय? गाव म्हणजे नात्यांचा गुंताच. नात्यातली बाई असली तर बाहेर बसायचं असा नियम केला, तर पहिल्याच अर्जाला नऊपैकी सातजणी ओट्यावर जाऊन बसल्या असत्या. मग ठरवलं की एकाच घरातली, एकाच चुलीची किंवा एकाच गटातली असेल तरच वाटी उचलायची नाही. लांबचं नातं असेल तर आधी बोलून दाखवायचं. आणि शेजारच्या गावातल्या दोन बायका दर वेळी आमच्यात बसतील, आमच्यातल्या दोघी त्यांच्याकडे जातील. त्यांना आमची जावा-नणंदांची भांडणं माहीत नसतात, हा मोठा फायदा.

हजेरीच्या प्रश्नात तर आमचाच कागद आम्हाला उलटा लागला. वर्षाच्या ५२ साप्ताहिक बैठकांतून हजेरी मोजायची असं ठरलं होतं. वह्या काढल्या, तर ज्या बायकांना शेत नाही त्यांच्या रेघा एकाच काळात कोऱ्या. आषाढात. त्या ठेक्याने रोवणीला दुसऱ्या गावी जातात, दिवे लागणीला परततात. ज्यांचं स्वतःचं शेत आहे, त्या त्या दिवसांतही बैठकीला हजर. म्हणजे पहिल्या प्रश्नात आम्ही मजुरीच्या घराला एक गुण द्यायचा आणि दुसऱ्या प्रश्नात तो हळूच काढून घ्यायचा! मग रोवणीचे चार आठवडे हजेरीतून वगळले आणि ४८ बैठका धरल्या. बचत मात्र कोणाच्या हाती पाठवली तरी चालेल, पण यायला हवी.

इथपर्यंत ठीक होतं. मग आम्ही मावशींकडे गेलो, यंदा अर्ज करा म्हणून. त्या म्हणाल्या, "आता नाई मांगत." तिसऱ्यांदा गेलो तेव्हा तयार झाल्या. सीआरपी ताई अर्ज लिहायला बसली आणि वही काढून गप्प झाली. मावशींची बचत वर्षभरात कितीतरी वेळा चुकली होती. आधीच्या तीन वर्षांत एकही चुकली नव्हती. त्या कंपनीचा आठवड्याचा हप्ता भरायचा की गटाची बचत टाकायची, असा प्रश्न आला की त्या हप्ता भरत. हप्तेवाले दारात बसून राहत, गट कोणाच्या दारात बसत नाही. आणि ते कर्ज त्यांनी का घेतलं होतं? आम्ही नाही म्हटलं म्हणून. आता आमच्या नव्या, सुंदर, सगळ्यांना सारख्या कागदावर त्यांचे गुण कमी पडणार होते, आणि ते आमच्याच चुकीमुळे.

त्या रात्री दोन तास वाद झाला. काहीजणी म्हणाल्या, मावशीचं वेगळं आहे, तिला चार देऊन टाका, सगळ्या गावाला माहीत आहे. ज्या सरळ ताईंनी त्यांना सहा गुण दिले होते, त्यांनीच विरोध केला. त्या म्हणाल्या, एकीसाठी आज वाकवलं तर उद्या दुसरी म्हणेल मले काहून नाई, आणि मग आपल्याजवळ परत उत्तर नसेल. हे बोलताना त्यांचा आवाज बरोबर येत नव्हता. मावशींबद्दल सर्वांत जास्त वाईट त्यांनाच वाटत होतं, हे आम्हाला दिसत होतं.

शेवटी अर्ज उघडण्याच्या आधी एक ठराव लिहिला. पहिल्या वर्षी ज्या अकरा जणींना आपण कारण न सांगता नाकारलं, त्यांच्यापैकी कोणीही पुन्हा अर्ज केला तर तिची बचत आणि हजेरी त्या नकाराच्या आधीच्या वर्षाची धरायची. मावशींचं नाव ठरावात नाही. अकरांपैकी चौघींनी अर्ज केले आणि चौघींना तो ठराव लागू झाला. त्यातल्या एकीला तरीही पैसे मिळाले नाहीत. मावशींना मिळाले. अर्धे त्यांनी कंपनीच्या कर्जात भरले आणि उरलेल्यात दोन बकऱ्या घेतल्या. चार घेणार होत्या, दोन आल्या. ते एक वर्ष कोणत्याही ठरावाने परत येत नाही.

त्याच फेरीत आमच्याच समितीतल्या एकीच्या जावेचा अर्ज मागे पडला. त्या चिडून आल्या. पण या वेळी वही उघडून सांगता आलं. तुमचं जुनं कर्ज चालू आहे म्हणून पाचव्या प्रश्नाला शून्य, आणि शेवया कोणाला विकणार ते सांगितलं नाही म्हणून चौथ्याला एक. त्या रागातच गेल्या. पुढच्या वेळी आल्या तेव्हा मौद्याच्या बाजारातल्या दोन दुकानांची नावं घेऊन आल्या, आणि जुनं कर्ज फेडून.

गुण भिंतीवर लावायचे की नाही, यावरही बोलणं झालं. एकूण गुणांची यादी लावतो. पण कोणाच्या घराला गरजेचे किती गुण, ते लावत नाही. घरात अपंग माणूस आहे, खोली कच्ची आहे, हे सगळ्या गावाने चौकात उभं राहून वाचावं असं कोणाला वाटेल? ज्या बाईचा अर्ज आहे तिला मात्र तिचा पूर्ण कागद दाखवायचा, वाचता येत नसेल तर वाचून दाखवायचा. दोन अर्जांचे गुण सारखे आले तर कधीच निधी न मिळालेली बाई आधी, हेही अर्ज उघडण्याआधीच लिहून ठेवलेलं असतं. मध्येच नियम बदलायचा मोह होतो, पण बदल करायचा तर पुढच्या फेरीसाठी.

आणि या कागदात जे बसत नाही, त्यासाठी खाली एक रिकामी ओळ ठेवली आहे. तिथे कोणीही शेरा लिहू शकते, पण सही करून. शेऱ्याने गुण बदलत नाहीत. पुढच्या वर्षी प्रश्न सुधारायला बसतो तेव्हा ते शेरे वाचतो. रोवणीची गोष्ट पहिल्यांदा अशाच एका शेऱ्यातून कळली होती.

एक गोष्ट मात्र आमच्या हातून अजून सुटलेली नाही. हे सगळे गुण अर्ज करणाऱ्या बाईला. जी गटातच नाही, तिचं काय? गावाच्या कडेला वीटभट्टीवर सहा महिने जाणारी घरं आहेत. त्या बायका परत येईपर्यंत वर्ष अर्धं गेलेलं असतं. आमच्या दाराचा पहिलाच प्रश्न आहे, गटात एक वर्ष आहे का. त्या दारातून त्या कधीच आत येणार नाहीत. यावर समितीत दोन मतं आहेत आणि दोन्ही बाजूंना दम आहे. एक बाजू म्हणते, परतफेड कोण करणार? दुसरी म्हणते, सर्वांत गरज कोणाला आहे? तुमच्या गावात यावर काही उपाय काढला असेल, तर केंद्रावर कळवा, आम्हाला हवाच आहे.

आमची पुढची छाननी रोवणी आटोपल्यावर, पोळ्याच्या आधी आहे. शेजारच्या गावच्या दोघी येणार आहेत. या वेळी वाटी उचलणाऱ्यांत मावशीही आहेत. बकऱ्यांचा अर्ज आला की त्या फार बारीक प्रश्न विचारतात.